जुन्या जीपचा डावा हेडलाइट मिणमिणतो, अपरचा निळा दिवाही अर्धवट लागतो : दोष कुठे शोधावा?

वावरातला (घाटंजी तालुका)

नमस्कार मंडळी. घरी वडिलांनी घेतलेली १९९६ची डिझेल जीप आहे. गोल हेडलाइट, एच४ बल्ब, १२ व्होल्ट. इंजिन ठणठणीत आहे, पण लाइटनं जीव खाऊन राहिली आहे.

डिपरवर (जवळच्या, खालच्या उजेडावर) उजवा बल्ब बरोबर लागतो. डावा मात्र विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर. अपर (लांबचा उजेड) मारला तरी डावा तसाच. आणि डिपरवर असतानाच मीटरमधला अपरचा निळा दिवा मंद लागतो, जो लागायलाच नको.

डावीकडे नवा बल्ब टाकून पाहिला, फरक नाही. मग उजवीकडचा बल्ब डावीकडे लावला तर तोही मिणमिणायला लागला, आणि डावीकडचा उजवीकडे मस्त लागला. फ्यूज पाहिले, शाबूत आहेत. तालुक्याच्या एका वायरिंगवाल्यानं गाडी पाहून सांगितलं की आतून तारा सडल्या, पूर्ण वायरिंग बदला.

रब्बीत लाईन रात्रपाळीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच निघावं लागते. आमचा रस्ता टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचा. रोही आडवे येतात, रानडुकरांचा कळप तर समोर येईपर्यंत दिसत नाही, आणि कापसाच्या बैलगाडीला मागून रिफ्लेक्टर असेलच असं नाही. खर्च करायला ना नाही, पण दोष नेमका कुठे आहे हे समजल्याशिवाय अख्खी वायरिंग उपटायची इच्छा नाही. मोटारपंपासाठी घेतलेला मल्टीमीटर घरी आहे. कुठून सुरुवात करू?

मूळचा_पुसदचा

डिपरचा स्विच गेला असणार. माझ्या जुन्या गाडीत तेच झालं होतं. नवा स्विच टाक, आणि टाकतोच आहेस तर एलईडी बल्ब टाकून मोकळा हो. करंट कमी लागतो, वायरिंगवर ताण नाही.

मी_वणीचा

भाऊ, आधी उंदीर पाहा. घरात कापूस भरून राहते तिथं उंदीर हमखास. आमच्या गाडीत बॅटरीच्या मागं घरटं केलं होतं अन् तीन तारांचं वरचं प्लॅस्टिक सफाचट. बोनेट उघडून हेडलाइटपासून मागं हात फिरवत जा, जिथं तांबं दिसलं तिथं थांबा.

तांब्याची_तार

मी एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होतो. आता निवृत्त आहे. वावरातला भाऊ, तुम्ही लक्षणं फार चांगली लिहिली आहेत. निळ्या दिव्याचं जे लिहिलं ना, त्यातच अर्धं निदान आलं.

एच४ बल्बच्या आत दोन फिलामेंट असतात, डिपरचं ५५ वॅटचं आणि अपरचं ६० वॅटचं. पिना मात्र तीन. एक लोची (डिपरची), एक हायची (अपरची) आणि तिसरी दोघांत सामायिक. जीपसारख्या गाडीत ही सामायिक पिन अर्थला, म्हणजे बॉडीला जाते.

आता समजा डाव्या बाजूची अर्थ तुटली. तुम्ही डिपर लावला. करंट डाव्या बल्बच्या लो फिलामेंटमधून सामायिक पिनेपर्यंत आला, पण पुढे वाट बंद. मग तो काय करेल? त्याच बल्बच्या हाय फिलामेंटमधून उलटा जाईल, हायच्या तारेवर चढेल, आणि ती तार उजव्या बल्बलाही जोडलेली असल्यामुळे उजव्याच्या हाय फिलामेंटमधून उजव्या बाजूच्या अर्थला उतरेल. म्हणजे तीन फिलामेंट एकामागे एक, सिरीजमध्ये. प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांश व्होल्टेज. म्हणून डावा लालसर. हायच्या तारेवरच तुमचा निळा दिवाही आहे, त्याला ते उरलेलं व्होल्टेज मिळते, म्हणून तोही मिणमिणतो. अपर मारला की हाच खेळ उलट्या बाजूनं होतो, त्यामुळे डावा दोन्हीकडे मंदच.

बल्ब अदलाबदल केल्यावर दोष डावीकडेच राहिला, म्हणजे बल्ब निर्दोष. स्विच गेला असता तर दोन्ही बाजूंना सारखा परिणाम दिसला असता, कारण स्विचमधून निघालेली तार पुढे जाऊन डाव्या-उजव्यात फुटते. तेव्हा स्विच आणि वायरिंग दोन्ही सध्या राहू द्या. डाव्या हेडलाइटची अर्थ तपासा.

पिना ओळखायला दोन्ही बल्ब काढून ठेवा. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब होल्डरच्या एकेका पिनेला. एकदा डिपर लावून, एकदा अपर लावून पाहा. जिच्यावर दोन्ही वेळा शून्य, ती अर्थची. बल्ब हाताळताना काचेला बोट लावू नका, फडक्यानं धरा. हॅलोजनच्या काचेला तेलकट हात लागला की बल्बचं आयुष्य घटते.

वावरातला

काका, खूप आभार. करंट उलटा फिरतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. वणीचे भाऊ, उंदरांसाठीही सगळीकडे पाहिलं, तारा कुरतडलेल्या नाहीत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्थची पिन ओळखली. लाइट बंद करून मीटर बीपवर ठेवला, एक प्रोब त्या पिनेला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला. बीप वाजला. म्हणजे अर्थ चांगली आहे ना? मग अडकलं कुठे?

तांब्याची_तार

नाही भाऊ, बीपवर विश्वास ठेवू नका. ही गोष्ट सगळ्यांनीच नीट वाचा, कारण निम्मे लोक इथंच फसतात आणि चांगले पार्ट फेकून देतात.

बीप वाजवायला मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. बऱ्याच मीटरमध्ये ३०-५० ओहमपर्यंत विरोध असला तरी बीप वाजतोच. घरगुती कामात ते चालून जाते. पण हेडलाइटच्या एका बल्बला साडेचार-पाच अँपिअर करंट लागतो. त्या वाटेत एक ओहम जरी विरोध आला तरी तीन-चार व्होल्ट तिथंच खपतात. तारेच्या वीसातला एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजेल, बल्ब मात्र लागणार नाही.

म्हणून माप घ्यायचं ते लोड चालू असताना. बल्ब बसवा, डिपर लावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. लाल प्रोबसाठी होल्डरच्या मागच्या बाजूनं टाचणी सरकवून पिनेला टेकवा. अर्थ चांगली असेल तर ०.२ व्होल्टच्या आत काटा राहील. तिन्ही पिनांचं माप लिहून पाठवा, आणि बॅटरीचंही. टाचणी दुसऱ्या पिनेला किंवा बॉडीला टेकू देऊ नका, फ्यूज जाईल.

प्राजक्ता_अ (अमरावती जिल्हा)

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे जुनी छोटी पेट्रोल गाडी आहे, तिचीही लक्षणं हुबेहूब हीच, फक्त उजव्या बाजूला. हा धागा वाचून मी अर्थ शोधायला बसले, तर हेडलाइटच्या होल्डरमधून बॉडीला जाणारी तारच नाही. तिन्ही तारा आत जातात. आणि काकांच्या पद्धतीनं पाहिलं तर डाव्या बाजूला एका पिनेवर डिपर असो की अपर, कायम १२ व्होल्ट दिसतात.

तांब्याची_तार

ताई, बरं झालं विचारलंत. तुमच्या गाडीत मांडणी उलटी आहे. जपानी पद्धतीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत सामायिक पिनेला थेट पॉझिटिव्ह येतो, आणि डिपरचा स्विच लो किंवा हायची तार अर्थला जोडतो. वाट तीच, फक्त दिशा बदलली. म्हणून लक्षणंही तीच दिसतात. सामायिक पिन तुटली की दोन फिलामेंट इकडची, एक तिकडचं, आणि निळा दिवा अर्धवट.

तुम्ही फ्यूज पाहा. अशा गाड्यांत बहुधा डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगवेगळा फ्यूज असतो. उजव्याचा गेला असेल किंवा त्याच्या खाचेत गंज धरला असेल. नुसता डोळ्यांनी पाहू नका, लाइट चालू ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. एका टोकाला १२ आणि दुसऱ्याला कमी, म्हणजे तिथंच दोष.

प्राजक्ता_अ

फ्यूजच होता, काका! वरून अखंड दिसत होता, पण पात्याजवळ तडा गेला होता. त्याच अँपिअरचा नवा टाकला आणि दोन्ही लाइट सारखे लागले. आमच्या गॅरेजवाल्यानं हेडलाइटचा अख्खा संच बदलायला सांगितला होता. मनापासून धन्यवाद.

वावरातला

मापं घेतली. इंजिन बंद, डिपर चालू, डावी बाजू.

बॅटरी १२.३
लोची पिन १०.४
अर्थची पिन ६.९
हायची पिन ३.४

अर्थवर ६.९ पाहून मी दोनदा तपासलं. उजव्या बाजूच्या अर्थवर ०.१ आहे.

तांब्याची_तार

अगदी पुस्तकात छापावं असं माप आहे. १०.४ वरून ६.९, तिथून ३.४, तिथून शून्य. दर फिलामेंटवर साडेतीन व्होल्ट. तीन फिलामेंट सिरीजमध्ये आहेत याला आता आणखी पुरावा नको.

आता एक जाडसर तार घ्या, एक टोक डाव्या अर्थच्या पिनेला आणि दुसरं सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. डावा भक्कन लागेल. मग मूळ अर्थची तार बॉडीला जिथं बोल्टनं आवळली आहे ती जागा उघडा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. बॅटरीवर १२.३ आणि लोच्या पिनेवर १०.४, मधले १.९ व्होल्ट कुठे गेले? ते दुसरं दुखणं आहे, पॉझिटिव्ह बाजूचं. आधी अर्थ उरकू, मग तिकडे वळू.

हिरवी_जीप (चिमूर)

वावरातला भाऊ, एक सांगा. एवढ्यात गाडीचं डेंटिंग-पेंटिंग केलं का?

वावरातला

हो! पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्यानं करावं लागते, त्यासाठी गाडी न्यायची होती म्हणून पावसाळ्याआधी पेंट करून घेतली. तेव्हा लाइट बरोबर लागत होते. पेंटचा संबंध असेल असं वाटलंच नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

हिरवी_जीप

तिथंच गाठ आहे. समोरची जाळी काढून रंगवतात आणि अर्थचा लग (तारेच्या टोकाची धातूची चकती) रंगावरच आवळून देतात. बोल्टच्या आट्यांमधून थोडाफार संपर्क होतो म्हणून सुरुवातीला लाइट लागतात. मग पावसाचं पाणी शिरते, आट्यांना गंज धरतो, आणि तो थोडका संपर्कही जातो. आमच्या भागात धानाच्या बांधीतून गाड्या जातात, चिखलाचं पाणी थेट जाळीवर. पेंट झाला की मी आता सगळ्यात आधी अर्थचे बोल्ट उघडतो.

वावरातला

सापडलं. डाव्या हेडलाइटच्या मागं, बॅटरीच्या तळाजवळ एक बोल्ट. वरून नवाकोरा दिसत होता. उघडला तर लगखाली हिरव्या पेंटचा जाड थर, बोल्टच्या भोकात तांबूस गंज, आणि लगच्या पाठीवर पांढरट पावडर. लग इतका खाल्लेला की वाकवला तर तुटला. तार थोडी मागे कापली तर तांबं काळं पडलेलं, आणखी बोटभर मागे कापल्यावर चकचकीत तांबं लागलं. तिथं नवा लग दाबून बसवला.

पॉलिश पेपरनं बोल्टची जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर टाकून आवळला, वरून ग्रीस लावलं. काकांनी सांगितलेली तार आधी लावून पाहिली होती, डावा भक्कन लागला होता. आता मूळ अर्थवरही लागतो. माप ०.१. निळा दिवा डिपरवर पूर्ण बंद.

मी_वणीचा

वा भाऊ! एका लगवर निभावलं. वायरिंगवाला काऊन नाही पाहत मग हे?

तांब्याची_तार

घाईत असतो म्हणून. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात, वायरिंग बदलली की दोष कुठेही असो, निघून जातोच. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, पण गिऱ्हाईकानं माप मागितलं पाहिजे.

वावरातला भाऊ, ग्रीस लावलं ते बरं केलं. लग आणि पत्रा यांच्या मध्ये मात्र नको, वरूनच. आता इंजिन चालू करून दोन्ही बाजूंची मापं द्या.

वावरातला

इंजिन चालू, थोडा रेस देऊन : बॅटरी १३.९. डिपरवर दोन्ही बल्बच्या लो आणि अर्थ पिनांमध्ये ११.३. दोन्ही लाइट सारखे आहेत, पण पिवळट. डांबरी रस्त्यावर पावसात काहीच दिसत नाही ही तक्रार वडील आधीपासून करायचे.

मूळचा_पुसदचा

मग १००/९० चे बल्ब टाक. उजेड दिसेल.

दर्यापूरकर

पुसदचे भाऊ, असं सांगू नका कोणाला. माझ्या जीपला १००/९० टाकले होते, होल्डर वितळून बल्बला चिकटला आणि स्विचमधून धूर निघाला. दोन बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात आणि त्या जुन्या तारा त्यासाठी नाहीतच. रात्री दर्यापूरच्या रस्त्यावर दोन्ही लाइट एकदम गेले, बाजूला खोल नाली. पुन्हा तसं नको.

तांब्याची_तार

दर्यापूरकर बरोबर बोलले. आणि एलईडीचंही सांगतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये ते बसवले की उजेड फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात. आपल्या अरुंद रस्त्यावर समोरून मोटारसायकलवर तीन माणसं येत असतात, त्यांना काही दिसलं नाही तर ते कुठे जातील?

हॅलोजनचं गणित असं की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. तुमच्याकडे १३.९ च्या जागी ११.३ पोचतात, म्हणजे मिळायला हवा त्याच्या निम्माच उजेड मिळतोय. बल्ब तोच ठेवा, त्याच्यापर्यंत व्होल्टेज पोचवा.

जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचमध्ये, तिथून डिपरच्या स्विचमध्ये आणि मग पुन्हा पुढे असा फिरतो. प्रत्येक जोडावर थोडं थोडं गळते. पायात डिपर असलेल्या आणखी जुन्या गाड्यांत तर चपलेचा चिखलच त्या स्विचमध्ये जातो. लाइट दहा मिनिटं चालू ठेवून स्विचला हात लावा, गरम लागला तर व्होल्ट तिथंच जळताहेत.

उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटनं चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. दोन घ्या, एक लोचा, एक हायचा. रिलेवर आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमार्गे नवी तार. ८७ वरून बल्बच्या पिनेला. ८६ ला होल्डरची जुनी तार, ८५ अर्थला. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जाईल, अर्ध्या अँपिअरच्याही आत. नवी तार अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची. फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात. डाव्या-उजव्या बल्बला वेगवेगळा दहा अँपिअरचा फ्यूज द्या, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर घरी येता येते. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. होल्डर सिरॅमिकचे मिळतात, तेच घ्या.

प्राजक्ताताई, तुमच्या गाडीला कधी करायचं झालं तर ही जोडणी जशीच्या तशी चालणार नाही. तुमच्याकडे ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला स्विचकडून येणारी तार लागेल.

वावरातला

रिले बसवले. यवतमाळहून सामान आणलं, चुलतभावानं हात दिला. इंजिन चालू असताना बल्बवर आता १३.५ मिळतात. बल्ब तेच जुने आहेत, पण उजेड पांढरा पडतो, आणि वावराच्या धुऱ्यावरची बोरीची झाडं गाडीतून ओळखू येतात. वडील बाजूला बसून आले, म्हणाले गाडी घेतली तेव्हाही असा उजेड नव्हता.

काका, आता दोन शंका. समोरचे लोक अपर मारून इशारा करतात, माझा डिपर असूनही. आणि रिले कुठे बसवावे, सध्या बॅटरीजवळ टायनं बांधून ठेवले आहेत.

तांब्याची_तार

उजेड वाढला की त्याची उंची बसवावीच लागते. पेंटच्या वेळी जाळी निघाली होती, तेव्हाच ती बिघडली असणार. सपाट जागेवर, टायरची हवा बरोबर करून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. हेडलाइटच्या मधल्या बिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं आडवी रेघ मारा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या १० ते १२ सेंटीमीटर खाली यायला हवी. कडेचा डावा भाग थोडा वर चढलेला दिसेल, तो तसाच असतो, आपण डावीकडून चालतो म्हणून रस्त्याची कड दिसावी यासाठी. रिंगजवळ दोन स्क्रू आहेत, एक उंचीचा, एक डाव्या-उजव्याचा.

मागे पोती भरून नेत असाल तर पोती भरूनच हे माप घ्या. मागचा भाग दबला की समोरचा उजेड वर जातो.

हिरवी_जीप

रिलेचं मी सांगतो. टायवर ठेवू नका, खडबडीत रस्त्यावर तारा ओढल्या जातात. बॅटरीपासून थोडं दूर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आडव्या भिंतीच्या) बाजूला पत्र्यावर बोल्टनं पक्के करा आणि पिनांचं तोंड खाली ठेवा, म्हणजे धुतली किंवा पाऊस आला तरी पाणी आत साचत नाही. बॅटरीच्या अगदी वर नको, ॲसिडच्या वाफेनं पिना हिरव्या पडतात. तारांवर स्लीव्ह चढवा, वणीचे भाऊ म्हणतात त्या उंदरांसाठीही ती बरी.

वावरातला

फायरवॉलला बसवले, पिना खाली. भिंतीवर रेघ मारून डिपर सारखा केला, तुरीची पोती भरूनच. डावा बराच वर होता, उजवा थोडासा. काल घाटंजीहून रात्री येताना कोणी अपर मारला नाही.